मोजल्याशिवाय सही

तिला शाळेपासून सगळे दशांश म्हणतात. किती वाजले विचारलं तर ती पावणेदहा म्हणत नाही, नऊ त्रेचाळीस म्हणते. इंजिनियरिंगला नंबर लागत असताना तिने फिजिक्स घेतलं, तेव्हा घरात तीन दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही. एम.एस्सी. झाल्यावर मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला. मावशी म्हणाली, बी.एड. कर. शेजारच्या काकांनी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक आणून दिलं. तिचा दादा इंजिनियर आहे. चार वर्षं यंत्रं शिकला, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि कॉलेज सुटल्यापासून त्याने पान्याला हात लावलेला नाही. तो म्हणाला, “सहा महिन्यांचा कोर्स कर. माझ्या कंपनीत चिकटवतो.”

“मला मोजायचंय.”

“काय मोजायचंय?”

“काहीही. पण बरोबर.”

“आई, हिला किराणा दुकानात तराजूवर बसव,” दादा म्हणाला.

ती एका कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत लागली. कारखान्यांची मोजायची उपकरणं तिथे तपासायला येतात. ती खरं बोलतात का, हे बघायचं आणि तसं सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच काम. मी तिची मैत्रीण, एकदा बघायला गेले होते. लांबट खोली, दोन टेबलं, एक खिडकी, तीही बंद. तिच्या टेबलावर तेलाने भरलेलं एक यंत्र होतं. त्यावर ती पितळी वजनं ठेवायची, हाताने हलकेच फिरवायची, आणि दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजची सुई कुठे थांबते ते वहीत लिहायची. वजनं चढवताना एकदा, उतरवताना एकदा. मध्ये काचेवर बोटाने टिचकी, सुई अडकली असेल तर सुटावी म्हणून. एका गेजला पाऊण तास. मला पंधरा मिनिटांत जांभई आली. ती मात्र लहान बाळाचा ताप बघावा तशी त्या सुईकडे बघत होती.

मोजमापाच्या संशोधनाची एक संस्था आहे. पीएच.डी.साठी तिथे फक्त पाच जणांना घेतात. लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखत सोमवारी होती. एकच कागद राहिला होता: दोन वर्षं प्रयोगशाळेत काम केल्याचं मालकाचं पत्र. अर्ज मी लिहिला होता, कारण आमच्यात साहित्य शिकलेली मी. तिने त्यातली सगळी विशेषणं खोडली होती.

शुक्रवारी सकाळी ती पत्र मागायला गेली. मालकांनी, म्हणजे साहेबांनी, तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा सरकवला. बत्तीस गेज, बत्तीस सर्टिफिकेटं. आकडे आधीच छापलेले. गेज अजून खोक्यातून बाहेरही निघाले नव्हते.

“टेम्पो चारला येतोय,” साहेब म्हणाले. “सह्या करा, पत्र घ्या, संशोधक व्हा.”

“सर, हे मोजलेले नाहीत.”

“गेल्या वर्षी मोजलेत की. तुम्हीच मोजलेत.”

तिने गठ्ठा चाळला. गेल्या वर्षीचेच तिचे आकडे होते. फक्त शेवटचा आकडा इकडचा तिकडे केलेला, खरे वाटावेत म्हणून.

“मला सोमवारपर्यंत वेळ द्या. शनिवार-रविवार दोन्ही दिवस येते. सगळे मोजते.”

“मॅडम, लोक सर्टिफिकेट मागतात. मोजणी कुणीही मागत नाही.”

तिने खोक्यातला हाताला लागला तो गेज काढून यंत्रावर लावला. एका रंगाईच्या कारखान्याच्या बॉयलरचा होता. दहाच्या वजनाला सुई आठवर थांबली. तिने टिचकी मारली. आठ. पुन्हा सगळं केलं. आठ. म्हणजे बॉयलरमध्ये दहाचा दाब असेल, तेव्हा समोर उभ्या माणसाला आठ दिसणार. छापलेल्या सर्टिफिकेटवर नऊ पूर्णांक शहाण्णव होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने मला फोन केला. मी काय म्हणाले ते लिहायलाच हवं. मी म्हणाले, “कर सही. एकदाच तर आहे. मग तुला आयुष्यभर बरोबर मोजायचंय.”  

तिने सही केली नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर एक इंजिनियर बसतो. मेकॅनिकल, फर्स्ट क्लास, दीड वर्ष घरी बसून दोन महिन्यांपूर्वी लागलेला. साहेबांनी गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. त्याने वीस मिनिटांत बत्तीस सह्या केल्या. टेम्पो चारला गेला. तिला पत्र मिळालं नाही, उलट सोमवारपासून येऊ नका असं सांगितलं.

“त्या इंजिनियरची कॉलर धरली नाहीस?” मी संध्याकाळी विचारलं.

“त्याच्या घरचं तुला माहीत नाही.”

“आणि तुझ्या घरी काय गालिचे अंथरलेत?”

घरी दादाने ताट बाजूला सारलं. “जगात एक गेज चुकीचा होता म्हणून हिने पीएच.डी. सोडली. लोकांना सांगू तरी काय?”

“सोडलेली नाही. सोमवारी जाणार आहे.”

“पत्राशिवाय? कशी?”

“माझ्या वह्या आहेत. दोन वर्षांच्या. मोजलेला प्रत्येक आकडा आहे त्यात.”

आई म्हणाली, “वह्या कोण बघतं गं?”

सोमवारी मी तिच्यासोबत गेले. संस्थेची इमारत स्वच्छ, जिने रुंद. खिडकीतल्या कारकुनाने फाईल उघडली, एकेक कागद उलटला आणि खूण करत गेला. मग पेन थांबलं.

“अनुभवपत्र?”

तिने सहा वह्या खिडकीत ठेवल्या. त्याने वरची उघडली, दोन पानं बघितली. काही क्षण मला खरंच वाटलं की हा आत जाऊन कुणाला तरी दाखवेल.

“हस्ताक्षर छान आहे,” तो म्हणाला. “पण याच्यावर शिक्का कुठेय?”

मी भांडले. म्हणाले, आत जे मुलाखत घ्यायला बसलेत त्यांना एकदा विचारा, ह्या वह्या बघायच्यात का. म्हणाले, ज्याने मोजलं नाही त्याचा शिक्का चालतो आणि जिने मोजलं तिचं अक्षर चालत नाही, ही कसली मोजमापाची संस्था? रांगेत आमच्या मागचा मुलगा पायाकडे बघत होता. त्याच्या फाईलमध्ये पत्र होतं, वरूनच दिसत होतं. कारकून म्हणाला, “बाई, मी नियम केले नाहीत. दुसरीकडे दोन वर्षं करा, मग या.”

तिने वह्या पिशवीत भरल्या. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “रंगाईच्या कारखान्याकडे जाणारी बस इथूनच सुटते.”

बॉयलरची खोली कारखान्याच्या मागे होती. दारातच गरम हवा अंगावर आली. भिंतीला निळे ओघळ. एक वयस्कर माणूस स्टुलावर बसून चहा पीत होता. त्याच्या डोक्यावर तोच गेज परत बसवलेला, काचेवर नवं गोल स्टिकर. तिने त्याला सगळं सांगितलं.

“ठाऊक आहे की,” तो म्हणाला. “जादा वाफ सोडणारी वरची झडप दहाला सुटते. ती सुटते तेव्हा सुई आठवर असते. म्हणून मी दोन जास्त धरतो.”

“मालकांना सांगितलंत?”

“सांगितलं. ते म्हणाले, सर्टिफिकेट आहे.”

“आणि झडप अडकली तर, काका?”

“तोंडातून चांगलं काढ, ताई.”

“दुसऱ्या पाळीला कोण असतं?”

“आहे एक. तीनला येतो. त्याला सांगितलं असेल कुणीतरी.”

तेवढ्यात दादाचा फोन आला. इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. त्याच्या ऑफिसात एक जागा निघाली होती, आजच भरणार होते, त्याचे साहेब तीनला भेटणार होते. “मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. काही येत नसलं तरी चालेल, शिकवतात. तू फक्त ये.”

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिथून तासाचा रस्ता. आरामात पोहोचलो असतो.

“दादा, तीनला मला काम आहे,” ती म्हणाली.

मला तिचा राग आला. साहेबांचा, त्या इंजिनियरचा, कारकुनाचा येत होताच. पण सगळ्यांत जास्त तिचा आला. मी तिला बाहेर ओढलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. संस्था गेली, नोकरी गेली, आता हेही घालव. तू कोण लागून गेलीस? त्या बॉयलरची मालकीण? त्या काकांना ठाऊक आहे, ते धरतात दोन. चिठ्ठी ठेव आणि चल.

“त्या दुसऱ्याला वाचता येतं का, माहीत नाही,” ती म्हणाली.

आम्ही रंगाच्या रिकाम्या पिंपांवर बसलो. मी तिच्याशी बोलत नव्हते. दोनदा दादाचा फोन वाजला, तिने घेतला नाही. तीन वाजले. तीन दहा झाले. काका डबा पिशवीत घालून निघून गेले, आणि दहा मिनिटं त्या बॉयलरपाशी आमच्याखेरीज कुणीही नव्हतं.

तीन वीसला तो आला. आमच्याच वयाचा, कानात हेडफोन. ती उठली. त्याने एका कानातला काढला. तिने गेजकडे बोट दाखवलं आणि सावकाश सांगितलं, की सुई दोनने कमी दाखवते.

“दोन?” तो म्हणाला. मग त्याने दुसराही काढला. “मला तर एक धरायला सांगितलं होतं.”