धानाची राखण

सानगडीजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटनं एक बिबट्या मेला, त्याची बातमी करायला मी गेलो होतो. संध्याकाळ होत आली होती. शेजारच्या धानात मचाणावर बसून एक बाई रानडुकरं हाकलायला पत्र्याचा डबा बडवत होती. ओरडून ओरडून तिचा घसा इतका बसला होता, की तिचं बोलणं ऐकायला मला वर चढावं लागलं.

"तुम्ही करंट काहून नाही लावत?" मी विचारलं.

"करंटले कोन आलं ते दिसत नाही, भाऊ. मले दिसते." तिनं पुन्हा डबा उचलला.

संपादकांना फक्त मेलेल्या बिबट्याचा फोटो हवा होता. मी कुठल्याच पेपरात नोकरीला नाही. बातमी विकली गेली तरच पैसे मिळतात. तरी फोनवर सांगितलं, "मचाणावरची बाई छापणार नसाल, तर बिबट्याही मिळणार नाही."