तीन सेंटची अर्धी नोट

चिल्लरकाकांचा राग त्यांचा आवाज खाली आला की ओळखायचा. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळात ते ओरडले तर कुणी दचकत नसे. कुजबुजायला लागले की मात्र समोरच्याची धडगत नसे.

तसे ते निवृत्त डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात धातू तोफगोळ्यांकडे गेला, वसाहतींतली नाणी आटली, तेव्हा सरकारांनी छापलेल्या एक, पाच, दहा सेंटच्या कागदी नोटा ते जमवत. त्याही मळक्या, घड्या पडलेल्याच. "कोरी नोट म्हणजे कुणाच्याच उपयोगी न पडलेली नोट," म्हणायचे.

त्यांतली एक सिलोनची, पाच सेंटची. तिच्या मधोमध टपालतिकिटांसारखी भोकं असत. फाडली की एक तुकडा दोन सेंटचा, दुसरा तीनचा. काकांकडे फक्त तीनचा होता. चर्चच्या हॉलमधल्या नोटांच्या बाजारात एका विक्रेत्याने तो चिमटीत धरला आणि म्हणाला, "फाटकी. कचरा." काका काय बोलले ते ऐकायला त्याला टेबलावरून वाकावं लागलं. "फाटलेली नाही. अर्धी खर्च झालेली आहे."

परतताना माझ्या गाडीत त्यांचा आवाज तसाच खाली होता. "वडील कोलंबोत कारकून. मला आणि आईला भारताच्या बोटीत बसवायच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन सेंटचा पाव आणला. तिघांनी खाल्ला. नोटेचा उरलेला तुकडा आईच्या हातात दिला. ते मागे राहिले आणि तिथेच तापाने गेले. साम्राज्याने आमचं तांबं नेलं, कागद दिला. तोही फाडून वापरायचा! तुम्ही हिशेबाला पक्के ना? पाचातून दोन गेले, किती?"

"तीन."

"मग? कमी काय आहे त्यात?"

काका यंदा मार्चमध्ये गेले. शोकसभेत त्यांच्या फोटोशेजारी एक फ्रेम होती. तिच्यात अख्खी नोट.

"डॅडसाठी सरप्राइज होता, काका," त्यांचा मुलगा रोहन मला म्हणाला. "दुसरा हाफ ऑनलाइन शोधला, एक्सपर्टकडून जोडून घेतला. आता कम्प्लीट झाला ना?"

लोक कौतुक करत होते. माझं डोकं सणकलं. कुणा परक्याचे दोन सेंट आणून चिकटवले होते, जणू तो पाव कुणी आणलाच नव्हता, कुणी खाल्लाच नव्हता. काकांनी मुलाला ही गोष्ट सांगितली नव्हती. मला माहीत होती. मी तरी कुठे सांगितली?

"रोहन, ते दोन सेंट तुझ्या आजोबांनी खर्च केले होते," मी म्हणालो.

"काय? ऐकू नाही आला, काका," म्हणत तो माझ्या तोंडाजवळ वाकला.