ओढ्यापलीकडचा तित्तर

थंडीतल्या एका सकाळी गणूमामांबरोबर माळावर गेलो होतो. मामांनी त्यांच्या पाळलेल्या तित्तराचा पिंजरा बोरीखाली ठेवला आणि भोवती फासे लावले. पिंजऱ्यातला ओरडला की रानातले तित्तर चिडून भांडायला येतात आणि फाशात सापडतात. पूर्वी चहूबाजूंनी उत्तरं यायची. आताशा हा एकटाच ओरडतो आणि मामा ऐकत बसतात.

त्या दिवशी मात्र ओढ्यापलीकडून उत्तर आलं. “आहे रे अजून एक,” मामा कुजबुजले. पण तो काही जवळ येईना. शेवटी आम्हीच ओढा ओलांडला. पलीकडे एक म्हातारा पिंजरा घेऊन बसला होता.

“म्हणजे तुमचा होता होय,” तो म्हणाला.

मामा तिथेच खाली टेकले. अख्ख्या माळावर दोनच आवाज उरले होते आणि दोन्ही पिंजऱ्यातले. ते मात्र एकमेकांना भांडायला बोलावतच होते.