तिसऱ्या गेटवरचा टँकर ड्रायव्हर

ती दुपार मी आजही विसरलेलो नाही.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि मी चाकण भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. गावातल्या गॅरेजवाल्याचा फोन आला. "साहेब, शेजारच्या शेडमधनं काळं पाणी वाहतंय. धुराचा वास येतोय, पण आग कुठंच न्हाई."

शेडमध्ये लोखंडी पिंपांची चाळणी झाली होती. त्यांतून गळत होते ते भुशाचे तेल. उसाची चिपाडे, शेंगांची टरफले बंद भट्टीत तापवून हे तेल काढतात आणि कंपन्यांच्या बॉयलरमध्ये जाळतात. ते आंबट असते, साधे लोखंड खाते. टँकरमधून ते चोरून इथे साठवणाऱ्यांनी जन्मभर डिझेलच चोरलेले, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? पंचनामा उरकेपर्यंत हे तेल कंपन्यांना पोहोचवणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर ताब्यात आला.

चोरी त्याने लगेच कबूल केली. तेच मला खटकले. माणूस छोटा गुन्हा झटकन सांगतो, तेव्हा मोठा पोटात असतो. चोरलेल्या तेलाच्या जागी टँकरमध्ये काय ओतलेस, असे तीनदा विचारल्यावर तो म्हणाला, पेंट शॉपचे टाकाऊ थिनर. मी तेल बनवणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला. जाळण्याआधी हे तेल टाकीत गरम करतात, थिनर असेल तर त्याची वाफ भडकेल, एवढे सांगताना त्याची बोबडी वळली.

"माल कुठं उतरवलास?"

"गेल्या हप्त्यातला हाय साहेब. कव्हाच जळून गेला."

त्याच्या वहीत तीन कंपन्या होत्या. मी त्याला जीपमध्ये बसवले. प्रत्येक बॉयलरपाशी तू माझ्याबरोबर उभे राहायचे, असे बजावले. दोन ठिकाणी तो निमूट आला. तिसऱ्या गेटवर मात्र उतरेना. हवालदाराने ओढले तरी सीट सोडीना.

"साहेब, तिथं नगं. सकाळचाच माल हाय."

मी धावत सुटलो. टाकीचा हीटर चालू होता आणि ऑपरेटर बर्नर पेटवायला निघाला होता. मी त्याचा हात धरला आणि आधी हीटर बंद करायला लावला. भिंतीपलीकडे कॅन्टीनमध्ये शिफ्टची माणसे जेवत होती.

तपासाचे फार कौतुक झाले. जबाब द्यायला ठाण्यात आलेल्या त्या ऑपरेटरने मात्र मला शांतपणे विचारले, "साहेब, तीनच कंपन्या होत्या. मग तिन्हीकडं आधी फोन का नाही केला?"

मला त्या ड्रायव्हरच्या तोंडून वदवायचे होते, हेच खरे. चोर नंतरही सापडतो, आधी माणसे बाहेर काढायची असतात. एवढी साधी गोष्ट मला नोकरीच्या शेवटी एका बॉयलरवाल्याने शिकवली.