उन्हात बघायचे डोळे

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावर जुनी भांडी साठतात तसे ते आपोआप साठतात. आणि एरवी त्यांची आठवणही होत नाही, पण माणूस घाबरला की धडाधड खाली येतात. निदान आमची टीम तरी अशीच आहे. घाबरलो की आम्ही गप्प बसत नाही, बडबडतो!

आत्ताही तेच चाललंय. ठाण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूबाहेर एक बाक आहे. दुपारभर आम्ही त्या बाकावर असतो. आत आमची नीलम आहे, आठवा महिना, कावीळ. बाकाच्या टोकाला तिचा नवरा संदेश बसतो. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, एरवी मोठ्याने बोलणारा माणूस. आता नुसता आयसीयूच्या दाराकडे बघत असतो. त्याच्याकडे बघवत नाही म्हणून आम्ही किस्से सांगत सुटतो.

काम काय ते आधी सांगते. भिवंडीत गरोदर बायकांच्या काविळीवर एक संशोधन चालू आहे, त्याची आम्ही फील्ड टीम. ही कावीळ घाणेरड्या पाण्यातून येते, हिपॅटायटिस ई म्हणतात तिला. तुम्हाआम्हाला झाली तर बहुतेक वेळा पथ्य-आराम करून उठतो. पण दिवस भरत आलेल्या बाईला झाली तर ती कधी कधी बघता बघता बेशुद्ध पडते, आणि मग मोठे डॉक्टरही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. असं का होतं, ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. लस निघाली आहे, पण आमच्या गल्लीबोळांपर्यंत पोचलेली नाही. म्हणून आम्ही घरोघर जातो, रक्त घेतो, नळाचं पाणी घेतो आणि बाळंतपण होईपर्यंत प्रत्येकीचा पिच्छा पुरवतो.

टीममध्ये मी, मला सगळे ताई म्हणतात. शारदाकाकू, खारबावकडच्या आगरी, तोंडाने फटकळ आणि मनाने हळव्या. नीलम. गाडी चालवणारे इस्माईलभाई. आणि आमच्या डॉक्टर मॅडम, मुंबईहून येतात.

*

आमच्यात एक नियम आहे. डोळे ट्यूबलाइटखाली बघायचे नाहीत, उन्हात बघायचे. बाईला दारात आणायची, खालची पापणी ओढायची आणि पांढऱ्यात पिवळं आहे का ते बघायचं. याची इतकी सवय लागली आहे की रिक्षावाल्याला पैसे देतानाही आम्ही त्याच्या डोळ्यांत बघतो. इस्माईलभाई म्हणतात, "ताई, ऐसे मत देखो, सामनेवाला गलत समझता है!"

शारदाकाकू एकदा गावच्या हळदीला गेल्या. आगऱ्यांची हळद म्हणजे डीजे, नाच आणि अख्खं गाव पिवळं. तिथे नवऱ्यामुलाची वहिनी दिसली, पोटुशी. काकूंना कुठलं राहवतंय! हात धरून तिला मांडवाबाहेर उन्हात ओढली आणि पापणी खाली. वरमाई तिथूनच ओरडली, "शारदे, आज सगलेच पिवले हायेत! तू सोमवारी ये!"

मांडव हसून लोटपोट झाला. काकू नाही हसल्या. सोमवारी गेल्या!

वहिनीचे डोळे स्वच्छ होते. काकू सांगतात, "मना त्या दोन रात्री झोप न्हाय लागली, आन ती आपली लाडू खात बसलेली!"

*

निजामपुऱ्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत शिरलात तर बोलायचं विसरा. खाली लूम, वर बिऱ्हाडं. खटखट इतकी की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तिथे आम्ही बायकांना त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात खाजगी गोष्टी विचारतो. ओरडून!

एक होती, यूपीकडची, गोरीपान, सहावा महिना. नवऱ्याची शिफ्ट चालू होती, सासू दारात भाजी निवडत होती. मी विचारत होते, ती मानेने हो-नाही करत होती. मग मी मागच्या खेपेच्या काविळीबद्दल जोर लावून ओरडले, "पहलेवाला बच्चा पीलिया में ही गया था क्या?"

आणि त्याच क्षणी लाइट गेली.

एका झटक्यात सगळे लूम बंद. माझे शेवटचे शब्द अख्ख्या गल्लीने ऐकले. सासूच्या हातातली भाजी तशीच राहिली. खालून कुणीतरी वर बघितलं.  भिवंडीत माणसं लूमच्या आवाजाला वैतागतात, पण मला त्या दिवशी तो आवाज परत यावा म्हणून हात जोडावेसे वाटले.

ती बाई हळूच म्हणाली, "दीदी, अब लाइट आने तक कुछ मत पूछो."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. लूम सुरू झाले तेव्हा तिने माझ्या कानाशी तोंड आणून सगळं सांगितलं.

*

हा किस्सा ऐकून संदेशने पहिल्यांदा मान वर केली. "हिने मला कधी नाही सांगितलं हे," म्हणाला. मी म्हटलं, "घरी सांगण्यासारखं आमच्याकडे फार नसतंच रे." तो म्हणाला, "अजून सांगा."

*

पाण्याचा धसका आमच्या सगळ्यांनी घेतला आहे. गटारातून जाणारे पाइप रोज बघितले की आणखी काय होणार! नीलम तर दिवस राहिल्यापासून घरून उकळलेलं पाणी आणायची, वर बाटलीला हातही लावू द्यायची नाही. इस्माईलभाईंनी तिचं बघून सीलबंद बाटली घेतली. आम्हाला बरं वाटलं, चला, एक माणूस सुधारला! मग एक दिवस बघितलं, तर आम्ही ज्या नळाचं सँपल घेत होतो त्याच नळाखाली भाईंची बाटली! मी किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, "नल का पानी मैं कहाँ पीता हूँ? बोतल का पीता हूँ!"

पण हसण्यावारी नेता येत नाही असंही एक घर आहे. आतल्या गावातलं. सुनेचे दिवस भरत आलेले. सासूने तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं. आम्ही तिघींनीही, "नको मावशी, आत्ताच प्यायलो." दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा नको. म्हातारी खाली बसली. आमच्या सँपलच्या बाटल्यांकडे बघितलं, मग तांब्याकडे.

"तुमी पानी तपासाया आल्या. आन तुमीच पीत न्हाय. मंग मी माज्या सुनंला काय पाजू?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर आहे. उकळून पाजा. ते आम्ही हजारदा देतो. पण त्या घरात चुलीपुरतं जळण होतं का, ते दिसतच होतं. मी तांब्या उचलला आणि गटागटा प्यायले. पुढे दोन महिने रोज सकाळी खिडकीत आरसा धरून माझेच डोळे बघत होते! मला काही झालं नाही. त्या सुनेलाही नाही. तिला मुलगा झाला, पेढे आले. आणि उकळलेलं पिणारी नीलम आत झोपली आहे. याचा हिशोब कुठे लावायचा, मला विचारू नका.

*

काविळीवर माळ घालणारे एक बाबा आहेत आमच्या भागात. गळ्यात मुळ्यांची माळ घालतात, ती वाढत वाढत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली असं म्हणतात. लांबलांबून लोक येतात. मॅडमचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. मॅडम म्हणायच्या, "बायका तिथे जाऊन मोलाचे दिवस घालवतात!" बाबा म्हणायचे, "ह्या सुया टोचनाऱ्या बाया पोरींना भिववतान."

एका सकाळी ऑफिस उघडलं तर बाबा पायरीवर. सोबत त्यांची सून, पोट पुढे आलेलं, चेहरा उतरलेला. मॅडमना बघून बाबा उभे राहिले, टोपी काढली.

"हिचं रगत बगा."

मॅडमही काही कमी नाहीत. म्हणाल्या, "का बाबा? माळ नाही घातली?"

बाबा म्हणाले, "माल लोकांना हाय. ही माजी सून हाय."

मॅडमनी लगेच हातमोजे चढवले. स्वतः तिचं रक्त घेतलं, स्वतः गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. बाबा गाडीमागे धावत होते.

*

सगळ्यात वाईट काम म्हणजे फोन. बाळंतपणाची तारीख उलटून गेली की आम्ही बाईला फोन करतो. उचलला तर बरं. नाही उचलला की आम्ही एकमेकींकडे बघायला लागतो. प्रत्येकीला अचानक दुसरं काम आठवतं! मॅडम सभांमध्ये मोठमोठ्या लोकांसमोर खणखणीत बोलतात, पण हा फोन लावायचा म्हटलं की त्याही म्हणतात, "काकू, तुम्हीच लावा."

अशीच एक होती, रक्तात कावीळ सापडलेली. दवाखान्यातून बरी म्हणून घरी सोडलेली. फोन कितीतरी वेळा लावला, कुणी उचलेना. शेवटी एका दुपारी उचलला. नवरा. मागे लूमची खटखट. काकूंनी स्पीकर लावला.

"भाई, आपकी मिसेस कैसी है?"

"कौन, रुखसार? वो तो गई."

 मॅडम खुर्ची चाचपत खाली बसल्या. नीलमने पोटावर हात ठेवला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि फोन तर त्यांच्याच हातात.

"कब गई?" काकूंनी कसंबसं विचारलं.

"परसों की गाड़ी से. गाँव गई, मायके. लड़की हुई है ना! सब खैरियत."

मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या आणि फोनवर अशा ओरडल्या की लूमनेही हार मानली असती. "भाईसाहब! पूरा बोला करो! पूरा!"

तो बिचारा घाबरून म्हणाला, "मैडम, वज़न भी बताऊँ क्या?"

*

यावर संदेश हसला. खरंच हसला, बाकावर हात आपटून. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "आवाज कमी करा." आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या गप्प झालो. आणि मग कुणीच काही सांगितलं नाही, कारण आता एकच किस्सा उरला होता आणि तो त्याच्यासमोर सांगण्यासारखा नव्हता. तो तुम्हाला सांगते.

आम्ही घरी गेलो की बाईला एक कागद वाचून दाखवतो, संशोधन काय, रक्त कशाला, वगैरे. वरून आला तेव्हा त्याचं मराठी असलं होतं की वाचताना आमचीच जीभ अडखळायची. शेवटी लिहिलं होतं, "सहभागी महिलेने चिंताग्रस्त होण्याचे प्रयोजन नाही." काकू म्हणाल्या, "ह्यानंच बाई घाबरंल!" मग नीलम एका दुपारी बसली आणि अख्खा कागद पुन्हा लिहून काढला, आईशी बोलावं तसा. तेव्हापासून तोच वाचतो. आता वाचावाही लागत नाही, आम्हाला पाठ आहे.

तर त्या दिवशी आम्ही ऑफिसात डबे उघडले होते. काकूंनी सुकट आणली होती. नीलमला सुकट म्हणजे जीव की प्राण, दोन वेळा मागून खाणारी पोरगी. तिने डबा बाजूला सारला. "वास सहन होत नाहीये. ॲसिडिटी झालीये दोन दिवस."

काकूंचा घास हातातच राहिला. "डोले बगू."

"काही नाही हो काकू, तुम्ही पण ना!" नीलम हसली, पण मान खालीच. मी म्हटलं, "नीलम, दारात चल." ती जागची हलेना. मग एकदम उठली, दारात जाऊन उन्हाकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बघा."

काकूंनी बघितलं. बाजूला झाल्या. मी बघितलं. मग मॅडमनी.  तिने आम्हा तिघींच्या तोंडांकडे एकेकदा बघितलं आणि म्हणाली, "संदेशला फोन मी करते. तुम्ही केलात तर तो घाबरेल."

मॅडमनी ठाण्याला कळवून बेड ठेवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स आली. मागे मी आणि ती. मानकोलीच्या नाक्यावर कंटेनर आडवा झालेला, सायरन वाजतोय आणि गाडी इंचभर पुढे सरकत नाहीये. नीलमने डोळे मिटले होते. तिला सारखी झोप येत होती, आणि या आजारात झोप येणं म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिला जागं ठेवायचं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. एवढी बडबडी मी, पण डोक्यात एक शब्द येईना. शेवटी तोंडात जे होतं तेच बाहेर आलं.

मी तिचा हात धरून म्हटलं, "घाबरू नकोस. काहीही झालं तरी आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवून आहोत."

नीलमने डोळे उघडले.

"ताई," ती म्हणाली, "ते वाक्य मीच लिहिलंय."