माझं लाल हेल्मेट

सीमेवर तोफगोळे पडायला लागले तेव्हा माझा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन निघाला. वर्ध्याच्या एका चॅनेलसाठी तो बातम्या चित्रित करायचा. नेमणूक नव्हती, नुसता मालकाचा शब्द. त्याच मालकाला त्यानं हेल्मेट मागितलं. उत्तर मिळालं, "दोन दिवसाचं काम हाय. मांगं मांगं राह्यजो. हेल्मेट काऊन पाह्यजे तुले?"

मग त्यानं माझ्या स्कूटीचं लाल हेल्मेट उचललं, त्यावर कागद चिकटवून 'प्रेस' लिहिलं. "ताई, तुहं हेल्मेट नेऊन राह्यलो. तू पोलिसापासून वाचून राह्यजो." आम्ही दोघंही हसलो.

गोळ्याचा तुकडा हेल्मेट फोडून आत गेला. मी मालकाला फोन केला तर म्हणतो, "तो आमचा मानूस नाई. हौसेनं गेलता."

पण भावानं टिपलेली शेवटची दृश्यं देशभर दिसली आणि मालकाला तो एकदम आठवला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्य मेल्यावर गरज उगवली.

आमच्याकडे सरण पेटलं की घाटावरच शोकसभा होते. मोठी माणसं माइकवर गेलेल्याचे गुण गातात, बाकीचे मुकाट ऐकतात. बाया घरी थांबतात. मला मात्र कळलं होतं की आमच्या हिंगणघाटला, घाटावर, मालक हार घेऊन आलाय. काकू आडवी आली, "बाई, घाटावर जाऊ नोको." मी गेले. भावाच्या सामानासोबत परत आलेलं हेल्मेट हातात होतं.

मालक माइकवर होता. "आमचा शूर प्रतिनिधी," एवढंच तो बोलला असेल. मी हेल्मेट त्याच्यापुढे धरलं. आतलं रक्त वाळून काळं झालं होतं.

"साहेब, माह्या भावानं मांगलं होतं, तुमी देल्लं नाई. आता हे घाला. मंग बोला."

कुणी मला अडवलं नाही. त्याचा हात वर आला, त्यानं आत पाहिलं आणि हात खाली गेला. हार तिथंच टाकून तो निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लोक म्हणतात, आता माफ कर. का करू? कामासाठी वर्ध्याला गेले की मी मुद्दाम त्याच्या ऑफिसवरून स्कूटी नेते, बोडक्या डोक्यानं. तो खिडकी लावून घेतो. तो पुन्हा उघडेपर्यंत मी हॉर्न वाजवते.