उरलेला एक डोळा आणि दोन डॉक्टर

"हे बोलनारं पोरगं कोन हाय? ह्याला न्हाई मी डोळ्याला हात लावू द्यायची!" चौसाळ्याच्या पाटलीणबाई टेबलावर उठून बसल्या.

पोरगं म्हणजे मी. निजामाच्या अमदानीत बीडच्या सरकारी दवाखान्यात नुकताच लागलो होतो. बाईंना मोतीबिंदू होता, म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं. उजवा डोळा गावोगाव फिरून सुईनं मोतीबिंदू आत ढकलणाऱ्या सुईवाल्यानं आधीच घालवला होता. उरला डावा. त्यासाठी आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांचं नाव ऐकून त्या आल्या होत्या.

साहेब त्यांच्याजवळ बसले. "बाई, ऑपरेशन हाच करेल."

"कावून? तुमी हायत की!"

"माझं वय झालं. हात थरथरत नाही, पण जवळचं धुरकट दिसतं. चष्म्यानंही भागत नाही."

मी थक्क झालो. एवढा नावाजलेला सर्जन हे पेशंटला सांगतो?

बाईंनी विचारलं, "ह्यानं किती डोळे केलेत?"

"थोडेच. पण माझ्यासमोर."

"मंग माझं डोस्कं तुमी धरायचं."

खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला. बाई जाग्याच होत्या. बुबुळाच्या कडेला मी चीर दिली. आता हलका दाब देऊन भिंग बाहेर काढायचं.

"थांब. हात काढ," साहेब म्हणाले.

मी हात काढला, तोच बाई खोकल्या. तेव्हा माझा दाब भिंगावर असता, तर आतला रस बाहेर येऊन डोळा कायमचा गेला असता. खोकला ओसरल्यावर भिंग सुटून आलं.

नंतर मी विचारलं, "साहेब, तुम्हाला चीरसुद्धा नीट दिसत नव्हती. मग कळलं कसं?"

"डोकं माझ्या हातात होतं, त्यांची मान ताठ झाली. खोकला दाबत होत्या."

"हे कितव्या वर्षी कळायला लागतं?"

साहेब म्हणाले, "वर्षांचं नाही सांगता येत. माझ्या हातून एक डोळा गेला, तेव्हापासून."

पट्टी सुटून जाड भिंगाचा चष्मा लावला त्या दिवशी बाईंनी मला न्याहाळलं. "अगं बया! ह्याला तर मिशीबी न्हाई!" आणि त्या रडायलाच लागल्या.

आता मीही म्हातारा झालोय. लोक विचारतात, सर्जन तरुण बरा की म्हातारा? मी म्हणतो, आपल्याला काय जमत नाही हे सांगणारा बरा. वय मग विचारा.